तुंबलंय नाकाशी, मग दूध डोळ्यात कशाला?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. माझ्या मामेबहिणीच्या दीड महिन्याच्या मुलाचा उजवा डोळा सारखा पाणावतो, सकाळी चिपडाने चिकटलेला असतो. तिच्यासाठीच कुणीतरी प्रेमाने पाठवला होता. दोन दिवसांत तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरही दिसला. मजकूर थोडक्यात असा : बाळाच्या डोळ्यातून पाणी येत असेल तर आईच्या दुधाचे थेंब डोळ्यात घाला; घरचं काजळ रोज घाला, डोळा साफ होतो; नाकाच्या दांड्याला तेल लावून ओढून मालीश करा; पू आला तर मेडिकलमधून ड्रॉप्स आणा; डॉक्टरांकडे नेऊ नका, ते नळीत सळई घालतात आणि डोळा कायमचा अधू होतो; तसंही हे वर्षभरात आपोआप जातं.

यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि त्याच्या आधाराने आधीचं सगळं खपून जातं. माझ्या मुलीला हाच त्रास तेरा महिने होता. तेव्हा तिच्या डॉक्टरांनी जे समजावलं आणि मी स्वतः जे हाताने केलं, ते सगळं मेसेजच्या क्रमानेच लिहितो.

आधी ही नळी, म्हणजे डोळ्यातली आसवं नाकात नेणारी वाट, कुठे असते ते. आरशासमोर उभं राहून आपली खालची पापणी जरा ओढून बघा. नाकाकडच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच असतं. आसवं तिथून आत शिरतात, नाकाच्या मुळाशी एका छोट्या पिशवीत जमतात आणि तिथून नळीने नाकात उतरतात. रडलं की नाक वाहतं ते यामुळेच. काही बाळांच्या नळीच्या अगदी खालच्या टोकाला, नाकात उघडते तिथे, जन्माच्या वेळी एक पातळ पडदा शिल्लक राहतो. शंभरातल्या ५ ते २० बाळांच्या बाबतीत असं होतं, असा अंदाज सांगतात. आसवं नीट तयार व्हायला लागायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून घरी आल्यावर काही दिवसांनी डोळा पाणावल्याचं लक्षात येतं आणि ‘कुणाची तरी दृष्ट लागली’ असं वाटतं.

आता आईचं दूध. दुधात रोगाशी लढणारे घटक असतात, हे खरं. पण इथे मूळ दुखणं जंतूंचं नाही, पडद्याचं आहे. न्हाणीघराची मोरी खाली तुंबली असताना वरून काय ओततो याने काय फरक पडणार? उलट दूध त्या पिशवीत साचून राहतं आणि जंतूंना आयतं खाणं मिळतं. गुलाबपाणी आणि मध यांचंही तेच. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला कुठल्याच रूपात द्यायचा नसतो.

काजळाबद्दल बोललं की घरातली मोठी माणसं दुखावतात, हे मला माहीत आहे. ‘आमच्या सगळ्यांच्या डोळ्यात घातलंय, काय झालं?’ माझी आईही हेच म्हणाली. सुरम्यात आणि विकतच्या काही काजळांत शिसं असतं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते थोडंही चालत नाही. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात शिसं नसेलही, पण काजळीचे कण, तूप आणि घालणाऱ्याचं बोट हे तिन्ही डोळ्यात जातं. ज्या डोळ्यातून पाणी पुढे जायला वाटच नाही, तिथे ते जाऊन बसतं. तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावा. आईने शेवटी तेच केलं.

नाकाच्या मालीशीवर जरा थांबतो, कारण खरा उपाय याच्या अगदी जवळ आहे आणि मेसेजने नेमकी जागा चुकवली आहे. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी नाक सरळ व्हावं म्हणून दांडा ओढतात, त्याचा नळीशी काही संबंध नाही. दाबायचं ते दांड्यावर नाही, डोळ्याचा आतला कोपरा आणि नाक यांच्या मधे. १९२३ मध्ये क्रिगलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत लिहिली आणि आजही पहिला उपाय हाच आहे. पिशवीत साचलेल्या आसवांवर वरून दाब दिला की तो खालच्या पडद्यावर जातो आणि पडदा हळूहळू सुटतो.

मी ते असं करायचो. नखं बारीक कापलेली, हात साबणाने धुतलेले. आधी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपड पुसायचं, नाकाकडून कानाकडे, एक बोळा एकदाच. मग तर्जनीचं पेर त्या कोपऱ्यात टेकवायचं. तिथे हाडाची कड लागते. हलकं दाबून, तसाच दाब ठेवून बोट नाकाच्या कडेने खाली आणायचं. असं पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. तेल नको, बोट घसरतं आणि तेल डोळ्यात जातं. पहिला महिना मी नुसती कातडी चोळत होतो. डॉक्टरांनी माझं बोट धरून दाखवलं तेव्हा कळलं की दाब केवढा हवा. त्या दिवशी दाबल्याबरोबर पापणीच्या भोकातून पिवळट थेंब वर आला. मी घाबरलो, त्या म्हणाल्या, ‘आता बरोबर जागी लागलं.’ ही मालीश कुणीतरी समोर बसून दाखवावी लागते. व्हिडिओ बघून दाबाचा अंदाज येत नाही.

ड्रॉप्सच्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. पू दिसला म्हणून एका मेडिकलमधून विचारून बाटली आणली आणि तीन आठवडे घातली. पू थांबला, बाटली संपली की चार दिवसांत पुन्हा हजर. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन बारीक अक्षरांतलं वाचलं : अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड आहे. असे ड्रॉप्स देखरेखीशिवाय लांबवले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. मुलीचा दाब तपासून ठीक निघेपर्यंत आमच्या घरात कुणाला नीट झोप लागली नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाळाच्या डोळ्यात घालू नका. साधे अँटिबायोटिक ड्रॉप्स पू जास्त असेल तेव्हा डॉक्टर देतात, पण त्याने जंतू मरतात, नळी उघडत नाही.

‘डॉक्टरांकडे नेऊ नका, आपोआप जातं.’ सगळ्यात जास्त राग मला या ओळीचा येतो. दहातल्या साधारण नऊ बाळांचा पडदा पहिल्या वर्षात सुटतो, हे डॉक्टरही पहिल्याच भेटीत सांगतात. पण डोळ्यातून पाणी येणारं प्रत्येक बाळ या नळीचंच असतं, हे घरच्यांनी कशावरून ठरवायचं? बाळांना जन्मतःही काचबिंदू असू शकतो आणि त्याची एक खूण डोळ्यातून पाणी हीच आहे. असं बाळ उजेडाकडे तोंड फिरवतं, डोळे घट्ट मिटून घेतं. बुबुळ मोठं दिसतं, कधी धुरकट, निळसर. आपल्याकडे अशा बाळाला बघायला आलेली माणसं म्हणतात, ‘काय टपोरे डोळे आहेत!’ नळी तुंबलेली असेल तर त्या बाजूची नाकपुडी बहुधा कोरडी असते, काचबिंदूत ती ओली असते, कारण वाट मोकळी आहे. ही खूण डॉक्टरांना उपयोगी पडते, आपण तिच्या भरवशावर घरी बसायचं नाही. काचबिंदूत एकेक आठवडा मोलाचा असतो.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच डोळा लाल, सुजलेला आणि भरपूर पू, तर तो जंतुसंसर्ग असतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जन्मतःच डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर फुगवटा असेल तर तो लगेच दाखवायचा, कारण तो नाकात उतरून बाळाचा श्वास अडवू शकतो. आणि त्या जागी लाल, गरम, दुखरी सूज येऊन ताप आला तर मालीश बंद करून तडक डॉक्टर.

राहिली सळई. वर्षभर मालीश करूनही पाणी थांबलं नाही तर प्रोबिंग करतात. काही डॉक्टर आणखी थोडं थांबतात, कारण वर्षानंतरही काहींची नळी उघडते. सळई म्हणजे बोथट टोकाची बारीक तार. ती पापणीच्या त्याच भोकातून नळीत सरकवून खालचा पडदा उघडतात. बुबुळाला हात लागत नाही, कापाकापी नाही, टाके नाहीत. लंडनचे विल्यम बोमन यांच्या नावाने ही सळई एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जाते. बहुतेक मुलांना एकदाच पुरतं. नाही पुरलं तर नळीत काही आठवडे किंवा महिने सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात.

आमच्या मुलीचं तेराव्या महिन्यात केलं. सगळ्यात अवघड होतं ते भुलीसाठी उपाशी ठेवणं. दुधासाठी रडणाऱ्या मुलीला खांद्यावर घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात येरझाऱ्या घातल्या. आत ती पंधरा मिनिटंही नव्हती. संध्याकाळपर्यंत नाकातून गुलाबीसर शेंबूड आला, तसा येतो म्हणून आधीच सांगितलेलं होतं. आठवडाभरात डोळा कोरडा झाला. नजर उत्तम आहे.

मामेबहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं आणि काल ती मुलाला दाखवून आली. नळीच तुंबली आहे, बुबुळ, उजेड सगळं तपासलं. काजळाची डबी तिच्या सासूबाईंनीच कपाटात ठेवली. मालीश डॉक्टरांनी शिकवली आहे. रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे, दाब बरोबर पडतोय का ते बघायला.