अभिजात असून काय होतं ते ग्रीकांना विचारा

मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४ ला, मी पिरेअसच्या, म्हणजे अथेन्सच्या बंदरावरच्या, ऑफिसात एका जहाजाच्या जनरेटरच्या भानगडीत अडकलेलो आणि खिशात फोन नुसता थरथरत होता. सांगलीच्या शाळेचा ग्रुप, मावसभावंडांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप (ती सोसायटी सोडून आम्हाला अकरा वर्षं झाली, पण ग्रुप सोडवत नाही), सगळीकडे पेढे आणि भगवे झेंडे. मीही एक हार्ट टाकलं. शेजारच्या टेबलावरचा ग्रीक म्हणाला काय रे, कुणाकडे मुलगा-बिलगा झाला का? त्याला समजावून सांगितलं की आमच्या भाषेला सरकारने क्लासिकल म्हणून मान्यता दिलीय. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अरेरे, बिचारे."

तेव्हा राग आला होता. जगातली सगळ्यात क्लासिकल भाषा बापजाद्यांकडून आयती मिळालेल्या माणसाने असं म्हणणं म्हणजे भरल्या पोटी उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं. पण नंतर हळूहळू, मुलाच्या शाळेच्या निमित्ताने आणि थोडं माझ्या ट्राममधल्या वाचनाच्या खोडीमुळे, कळत गेलं की त्याच्या त्या "बिचारे"मागे दीडशे वर्षांची डोकेदुखी आहे.

एकोणिसाव्या शतकात ग्रीस स्वतंत्र झाला तेव्हा इथल्या शिकलेल्या लोकांना आपल्या बोलीची लाज वाटायची. प्लेटो-सोफोक्लीसची लेकरं आपण, आणि आपल्या तोंडात अर्धे तुर्की शब्द, मग काय, भाषा धुऊन काढायची ठरली. जुनी आणि चालू यांच्या मधली एक घासूनपुसून केलेली भाषा, नाव काथारेवुसा, म्हणजेच "शुद्ध केलेली". सरकारचे कागद, कोर्ट, बराचसा अभ्यासक्रम सगळं त्यात, आणि लोक घरात, बाजारात, भांडणात बोलणार दिमोतिकी. हे थेट १९७६ पर्यंत चाललं, त्या वर्षी कायदा करून शाळेत लोकांची भाषा आली, आणि १९८२ मध्ये अक्षरांवरची जुन्या स्वरचिन्हांची जत्रा काढून एकच चिन्ह ठेवलं. (आपल्याकडचे ते जुने अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले तेव्हा किती लोकांनी कपाळाला हात लावला होता, तसंच इथेही.) अजूनही आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पाटीवर "आर्तोपिईओ" लिहिलंय. सगळे म्हणतात "फूर्नोस". पाटीतल्या "आर्तोस" या पावाला आत कुणी विचारत नाही, आत "प्सोमी" मागतात. पाटी एक, पाव एक. आपण लोहपथगामिनीवर जोक करतो, यांनी तेच शाळेत परीक्षेला लिहिलं.

आणि जोकवर थांबलं असतं तरी ठीक होतं. १९०१ मध्ये "अक्रोपोलिस" नावाच्या पेपरात बायबलमधल्या शुभवर्तमानाचं बोलीभाषेतलं भाषांतर छापायला सुरुवात झाली, तर अथेन्समध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, भाषांतराच्या बाजूने नाही, विरोधात! गोळीबार झाला, आठ माणसं मेली, आर्चबिशपांना आणि पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. मूळ पुस्तकच ग्रीक, मग ते ग्रीकमधून ग्रीकमध्ये आणायचंच कशाला, हा अपमान आहे, असं म्हणणं. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली आणि आपण त्याचा अभिमान सांगतो, ते इथे विसाव्या शतकात सुद्धा कुणाला पचत नव्हतं. आजही यांच्या घटनेत लिहिलंय की चर्चच्या मंजुरीशिवाय बायबलचं अधिकृत भाषांतर करता येणार नाही.

आता एक गंमत. ते भाषांतर केलं होतं अलेक्झांड्रोस पाल्लिस नावाच्या माणसाने, आणि हा माणूस अथेन्समध्ये राहतच नव्हता. राली ब्रदर्स या ग्रीक व्यापारी कंपनीत नोकरीला, लिव्हरपूलला, आणि त्याआधी चक्क आपल्या मुंबईत. या राली ब्रदर्सचंच नाव पुढे रॅलीस इंडियाला मिळालं, ज्यांच्या औषधाचे डबे आमच्या मामाच्या द्राक्षबागेत पडलेले असायचे. म्हणजे ज्याच्या लिखाणावरून अथेन्स पेटलं त्याने मुंबईत कापसाच्या धंद्याची हवा खाल्लेली. आणि तो एकटा नाही. १८८८ मध्ये "माझा प्रवास" लिहून बोलीभाषेचा झेंडा लावणारा प्सिखारिस पॅरिसमध्ये प्रोफेसर. आणि कवी काव्हाफी, ज्याला आज सगळं जग वाचतं, तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सिंचन खात्यात कारकुनी करायचा. राष्ट्रगीत लिहिणारा सोलोमोस तर इटालियनमध्ये शिकलेला, ग्रीक नंतर नीट लिहायला शिकला.

हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. जून २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या त्या जीआरवरून रान पेटलं होतं (२९ जूनला तो मागे घेतला), तेव्हा मी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या तर एका मावसभावाने लगेच ऐकवलं, "तू तिकडे ऑलिव्ह खा, इथलं आम्ही बघतो." त्याचं अगदीच चूक नाही. माझा मुलगा काही सांगलीच्या झेडपीच्या शाळेत जात नाही. जीआरला माझाही विरोधच होता, सहा वर्षांच्या पोरावर तीन-तीन भाषा कशाला, एवढं साधं कारण. पण आमच्या बाजूने जे मुद्दे येत होते ते वाचून मला इथली ती बेकरीची पाटी आठवायची. दोन हजार वर्षं जुनी, गाथासप्तशती, नाणेघाटचा शिलालेख. अभिजात दर्जासाठी नेमलेल्या पठारे समितीने २०१३ मध्ये हे सगळं व्यवस्थित मांडलंय, अभ्यास चोख आहे, वाद नाही. पण जुनी आहे म्हणून जगवा, हा मुद्दा नातवापुढे चालत नाही. ग्रीकांकडे तर होमर होता!

यांच्याच एका कवीला ते नेमकं कळलं होतं. सेफेरिस, १९६३ चा नोबेल. १९३५ मधल्या त्याच्या एका कवितेत माणूस झोपेतून उठतो तर हातात संगमरवरी डोकं. जड. कोपरं भरून आलीत आणि ते ठेवायचं कुठे हे कळत नाही. बस. अभिजात वारसा म्हणजे काय यावर इतकं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. फेकवत नाही, पेलवत नाही. आणि हा सेफेरिस जन्माने अथेन्सचा नाही, स्मिर्नाजवळचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर.

इथे मला माझ्या बिल्डिंगमधल्या आजींबद्दल सांगायलाच हवं, कारण आम्ही राहतो तो भागच निआ स्मिर्नी, "नवं स्मिर्ना". १९२२ मध्ये ग्रीक सैन्य तुर्कस्तानात हरलं, सप्टेंबरमध्ये स्मिर्ना जळलं, आणि १९२३ च्या लोझान करारात धर्म बघून माणसांची अदलाबदल झाली, बारा लाखाच्या आसपास लोक इकडे आले, चार लाखांच्या आसपास मुसलमान तिकडे गेले. आजींची आई नऊ वर्षांची असताना आली. दुसऱ्या मजल्यावर आजी सुत्सुकाक्या करतात त्या दिवशी जिन्यातच कळतं, कारण जिरं! पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला वाटलं कुणी मराठी माणूस राहायला आलं. पितळी खलात जिरं कुटायचं, लसूण, वाइनमध्ये भिजवलेला पाव, खिमा, आणि हाताने लांबुळके गोळे, बोटांचे ठसे उमटलेले तसेच तव्यावर, मग टोमॅटोच्या रश्श्यात. गोळा चपटा झाला तर म्हणतात, "आई मारायची." इथल्या जुन्या लोकांना हा वास तुर्की वाटायचा. आलेल्यांना "तुर्कोस्पोरी" म्हणायचे, तुर्कांचं बियाणं. धर्म एक, देश आपला म्हणून आले, आणि हे स्वागत. आजी हे सांगतात तेव्हा मला दादर स्टेशनवर मीच कॉलेजात असताना काय काय बोललोय ते आठवतं आणि मी मुकाट्याने दुसरा गोळा घेतो.

तर यांचं विसाव्या शतकातलं लिखाण या जिऱ्याच्या वासाने भरलंय असं मला वाटतं. इलिआस व्हेनेझिस अठरा वर्षांचा असताना पकडला गेला, मजूर तुकडीत घालून अनातोलियात चालवत नेला. तीन हजार नेलेल्यांपैकी तेवीस परत आले असं सांगतात. परत येऊन त्याने पुस्तक लिहिलं त्याचं नाव "नंबर ३१३२८", तो त्याचा कैदी नंबर. त्यात होमर नाही, संगमरवर नाही, तहान आहे आणि तळपायाची कातडी आहे. दिदो सोतिरिऊची "रक्ताळलेली माती" (१९६२) एका साध्या शेतकऱ्याच्या तोंडून आहे, आणि शेवटी तो त्या मातीला सांगतो की आम्ही तुला रक्ताने माखलं, राग धरू नको. आम्ही. हरलेल्या बाजूच्या, घर गमावलेल्या माणसाने हे म्हणायचं! १९१९ मध्ये सैन्य घेऊन आधी कोण गेलं होतं हे तिने लपवलं नाही.

आता मावसभाऊ म्हणेल झालं, ह्याला तिकडचं सगळं सोन्याचं. नाही रे. २००७ मध्ये इथे सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकावरून अक्षरशः आपल्यासारखाच राडा झाला. स्मिर्ना जळताना हजारो लोक बंदरावर "गर्दी करत होते" अशा अर्थाचं वाक्य होतं, जसं काही लोकल पकडायला उभे होते. लोक चिडले, ते बरोबरच, पण त्या चिडीवर स्वार होऊन ज्यांना इतिहासात स्वतःची एकही चूक नको असते तेही आले, आणि सप्टेंबरमध्ये पुस्तक मागे घेतलं. थेस्सालोनिकीचं तर विचारूच नका. चाळीस-पन्नास हजार ज्यू होते तिथे, १९४३ मध्ये ऑशविट्झला नेले. आणि युनिव्हर्सिटी उभी आहे ती त्यांच्या कब्रस्तानावर. तिथे स्मारक लागायला २०१४ उजाडलं. मी त्या कॅम्पसमध्ये एका कॉन्फरन्सला गेलो होतो, कॉफी मस्त होती, कुणी काही बोललं नाही. म्हणजे विसरण्यात हे आपल्याला हार जाणार नाहीत.

फरक एवढाच वाटतो की इथे कवी मेला तर भाषेचं खरं काम दिसतं. फेब्रुवारी १९४३, जर्मनांचा ताबा, पालामासच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी जर्मनांसमोर राष्ट्रगीत गाते. सप्टेंबर १९७१, लष्करी राजवट, सेफेरिसच्या अंत्ययात्रेत लोक त्याचं जे गाणं गातात त्याला चाल थेओदोराकिसची, आणि थेओदोराकिसच्या संगीतावर बंदी. कुणाच्या खिशात अभिजात दर्जाचं सर्टिफिकेट नव्हतं.

आणि आम्ही परदेशातले? काव्हाफीची एक छोटी कविता आहे, १९०६ ची, इटलीतल्या पोसेइडोनिया गावच्या ग्रीकांवर. पिढ्यानपिढ्या परक्यांत राहून भाषा विसरले, राहिला फक्त वर्षाचा एक सण. वाद्यं, स्पर्धा, हार. आणि सणाच्या शेवटी बसून एकमेकांना सांगायचं की एकेकाळी आपण ग्रीक होतो, आणि उदास होऊन घरी जायचं. मी ही कविता गणपतीच्या दुसऱ्या दिवशी वाचली हे माझं नशीब. आम्ही सात-आठ घरं जमतो, मोदक फ्रोझन, अथर्वशीर्ष यूट्यूबवर, आणि पोरं आपापसात ग्रीक बोलत असतात. (उलटंही होतं म्हणा. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, त्यांची नावं सिंहध्वज वगैरे. दोन हजार वर्षांपूर्वी जे कोणी यवन मावळात आले ते आपल्यातलेच होऊन गेले, आणि त्यांनी उदास व्हायला सण ठेवला असेल तर तो आपल्याला माहीत नाही.)

आपल्याकडे असं लिखाण झालंच नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. "बलुतं" १९७८ चं आहे, त्यानंतर "उचल्या", अशी किती. आमच्याच घराच्या मागच्या गल्लीतलं जग मला त्या पुस्तकांतून कळलं, शाळेच्या इतिहासातून नाही. पण पेढ्यांच्या त्या दिवशी शेकडो फॉरवर्ड आले त्यात गाथासप्तशती वीस वेळा आली, बलुतं एकदाही नाही. मी मोजलं, जनरेटर सुरू होईपर्यंत दुसरं काम नव्हतं.

मागच्या महिन्यात मुलाला शाळेत १९२२ शिकवलं. ह्यांचा शब्द "कतास्त्रोफी", म्हणजे महासंकट. घरी येऊन विचारतो, बाबा, तुमची कतास्त्रोफी कुठली? मी म्हटलं पानिपत, १४ जानेवारी १७६१. मग त्याला ते पत्र सांगितलं, पेशव्यांच्या हाती सावकारी भाषेत आलेलं, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे कोण, मोहरा म्हणजे कोण, सगळं समजावलं, विश्वासराव, भाऊसाहेब, मला जरा भरूनही आलं. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, "आणि खुर्द्याला नंबर नव्हते?"

मी म्हटलं जेव आधी. खालून जिऱ्याचा वास येत होता.