एलिफंट सीलची झोप : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

समुद्रात असताना एलिफंट सील (अवाढव्य आकाराचे सागरी सस्तन प्राणी) दिवसाला सरासरी दोनच तास झोपतात, हे माझ्या लेखातील विधान आपल्याला अतिशयोक्त वाटले. आपले म्हणणे असे की, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हे प्राणी आठवडेच्या आठवडे वाळूत लोळत पडलेले कोणत्याही चित्रफितीत दिसतात, तेव्हा अशा ‘आळशी’ प्राण्याला जागरणाचा मान देणे चुकीचे आहे. शिवाय हा निष्कर्ष मोजक्या प्राण्यांवरून काढलेला आहे, असेही आपण म्हणता. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, पहिला मात्र मला पटत नाही.

चित्रफिती किनाऱ्यावर काढल्या जातात, एवढेच त्यातून सिद्ध होते. उत्तरेकडील जातीची प्रौढ मादी विणीच्या हंगामानंतर सुमारे अडीच महिने आणि कात टाकल्यानंतर (म्हणजे जुने केस आणि त्वचेचा वरचा थर गळून गेल्यावर) आणखी सात-आठ महिने प्रशांत महासागरात असते. तेथे दिवसरात्र बुड्या चालू असतात. एकेक बुडी साधारण वीस मिनिटांची, बहुधा 400 ते 600 मीटर खोल, आणि दोन बुड्यांमध्ये श्वास घेण्यापुरती काही मिनिटांचीच उसंत. पृष्ठभागाजवळ पांढरे शार्क आणि किलर व्हेल यांची भीती असल्याने तेथे रेंगाळणे परवडत नाही. त्यामुळे झोपायचे तेही बुडीतच.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 13 तरुण माद्यांच्या डोक्यावर जलरोधक टोपीखाली इलेक्ट्रोड बसवून मेंदूतील विद्युत लहरी नोंदवल्या गेल्या. मादी आधी पोहत खाली जाते, मग तिची हालचाल थांबते आणि गाढ झोप लागते. या अवस्थेत अंगाचा तोल सांभाळला जातो. त्यानंतर ‘रेम’ झोप (जिच्यात माणसाला ठळक स्वप्ने पडतात ती अवस्था) सुरू झाली की स्नायू ढिले पडतात, शरीर उताणे होते आणि गळून पडणाऱ्या पानासारखे गिरक्या घेत खोल जाऊ लागते. ही डुलकी दहा मिनिटांच्या आसपासची. मग मादी जागी होऊन वर येते. समुद्र उथळ असेल तर ती सरळ तळावर निजते.

आता आपला दुसरा मुद्दा. संशोधकांनी या नोंदींवरून झोपेच्या बुडीची खूण निश्चित केली आणि पूर्वीच जमा असलेल्या 334 सीलांच्या बुड्यांच्या नोंदींत ती शोधली. म्हणजे या मोठ्या गटाची झोप मेंदूवरून मोजलेली नाही, बुडीच्या आकारावरून अनुमानलेली आहे. त्यातही प्रौढ नरांचा जीवनक्रम निराळा असतो, कारण ते खुल्या महासागरापेक्षा खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेने, तळाजवळ भक्ष्य शोधतात. म्हणून दोन तासांचा आकडा मी त्यांना बिनदिक्कत लावणार नाही.

राहिला आळसाचा आरोप. किनाऱ्यावर हे सील दिवसाला दहा-अकरा तास झोपतात आणि उरलेल्या वेळातलाही बराचसा पडूनच काढतात, हे खरे. पण त्या काळात त्यांच्या पोटात काहीही जात नसते. पिल्लाला पाजणारी मादी जवळजवळ चार आठवडे उपाशी असते. तिच्या दुधात शेवटी शेवटी निम्म्याहून अधिक चरबी असते, त्यामुळे जन्मतः सुमारे 40 किलोचे पिल्लू दूध तुटेपर्यंत सव्वाशे किलोंच्या पुढे जाते, आणि आई मात्र आपले एक तृतीयांशाहून अधिक वजन घालवून बसते. मोठे नर तर तीन-तीन महिने समुद्राकडे फिरकत नाहीत, कारण जागा सोडली की माद्यांवरचा ताबाही सुटतो. या उपवासात पाणीदेखील चरबीच्या ज्वलनातूनच मिळवायचे असते, आणि ते श्वासावाटे वाया जाऊ नये म्हणून निजलेला सील कित्येक मिनिटे श्वासच घेत नाही. नाकपुड्या घट्ट मिटलेल्या असतात (सीलच्या नाकपुड्या मिटलेल्याच राहतात, उघडायलाच स्नायू वापरावे लागतात). मग त्या फुलतात, काही श्वास भराभर होतात आणि पुन्हा मिटतात. श्वास बाहेर पडताना त्यातील बाष्पही नाकातील वळ्यांवर थंड होऊन पुष्कळसे परत शोषले जाते.

कात टाकण्याच्या दिवसांतला मुक्काम आणखी सक्तीचा असतो. केसांबरोबर त्वचेचा वरचा थरही पापुद्र्यांनी सुटून येतो आणि नवी त्वचा घडवण्यासाठी रक्तपुरवठा अंगाच्या पृष्ठभागाकडे वळवावा लागतो. अशा वेळी थंड पाण्यात उतरले तर चरबीच्या थराबाहेर आलेल्या त्या रक्तातली उष्णता समुद्रात जाईल, म्हणून जवळजवळ महिनाभर वाळूवर पडून राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते.