नाइन्टी-नाइनचं एवढं कौतुक कशाचं?

नाइन्टी-नाइन म्हणजे ब्रिटनमध्ये गाडीवर मिळणारा सॉफ्ट आइस्क्रीमचा कोन, वर फ्लेक ही चॉकलेटची कांडी खोचलेला. ब्रिटनच्या समुद्रकिनाऱ्यांचे जुने फोटो फिरायला लागले की खाली हळहळ ठरलेली: "तेव्हाचं आइस्क्रीम कसं शुद्ध दुधाचं असायचं!" बहुतेक ठिकाणी नसायचं हो. महायुद्धात, 1942 साली, तिथे आइस्क्रीम बनवण्यावरच बंदी आली. ती उठली तरी लोण्याचं रेशनिंग 1954 पर्यंत चाललं, आणि वनस्पती तेलावर भागवायची लागलेली सवय पुढेही राहिली. आपल्याकडे असल्या मालावर 'फ्रोझन डेझर्ट' छापावं लागतं. तिथे दुधाच्याच फॅटचं बंधन होतं ते फक्त 'डेअरी आइस्क्रीम' म्हणून विकणाऱ्याला.

आणि स्वच्छता? 1946 मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला आइस्क्रीममधून टायफॉइड पसरला. 1947 पासून मिश्रण तापवणं सक्तीचं झालं, 65.6 अंशांना अर्धा तास किंवा 71.1 अंशांना 10 मिनिटं, आणि मग दीड तासात 7.2 अंशांपर्यंत गार.

तरीही ती चव जिभेवर राहिली, यात खोटं काही नाही. श्रेय मशिनचं. उणे 18 अंशांच्या फ्रीजरमधला गोळा जीभ बधिर करतो. सॉफ्ट आइस्क्रीम नळातून साधारण उणे 6 अंशांना येतं, त्यात बरंचसं पाणी गोठलेलं नसतं, म्हणून गोडी लगेच कळते. वर भरपूर हवा. हवा म्हणजे फसवणूक असं समजू नका, ती नसेल तर हातात बर्फाची ढेप येईल.

बिघडतं ते इथेच. मशिनच्या वरच्या टाकीतलं मिश्रण कोमट असलं की ते खालच्या गोठवणाऱ्या सिलिंडरमध्ये गोठायला वेळ लागतो, तोवर रवी घुसळत राहते आणि लोण्याचे कण सुटतात, टाळूला मेणचट थर बसतो. गिऱ्हाईक नसलं तरी सिलिंडरमधल्या मालाचं हेच होतं. म्हणून रांग असलेली गाडी बघा. खरवडणारं पातं झिजलं की सिलिंडरच्या भिंतीवर बर्फाचा थर साचतो, थंडी आत पोचत नाही, आणि कंप्रेसर घरघरतोय तरी आइस्क्रीम पातळच. टाकी संपत आली की नळ फसफसतो. तेव्हा पैसे पुढे करू नका.

कोन आधी आतून भरला पाहिजे, मग वर दोन-अडीच वेढे. फ्लेक तिरका, कोनाच्या तोंडापर्यंत खोचायचा. मधोमध सरळ खुपसला की मनोरा दुभंगतो. 1930 च्या सुमारास कॅडबरीने आइस्क्रीमसाठी मुद्दाम आखूड फ्लेक काढला.

हळहळायचंच असेल तर इटालियन कुटुंबांच्या पार्लरांसाठी हळहळा. इंग्लंडमधल्या ब्रॉडस्टेअर्सचं मोरेलीज 1932 चं, स्कॉटलंडमधल्या लार्ग्जचं नार्दिनीज 1935 चं. गाडीवर नुसता जुना रंग फासून तो थाट येत नाही.

आणि हो, खाताना पाठ भिंतीला लावा. सीगल मागून येतो, नजरेला नजर दिली की बिचकतो.