सात वर्षांनी सगळं शरीर नवं होत नाही, आणि जनुकं तीच राहतात

शिवाजी पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि आता माझ्या बारावीच्या मुलांच्या पालकांकडूनही एकच मेसेज येतोय. आशय असा: शरीरातली पेशी न् पेशी दर सात वर्षांनी बदलते, पेशी जितक्या झपाट्याने विभागतील तितकी तब्येत ठणठणीत, बाईच्या अंडपेशीही सतत नव्याने बनतात, म्हणून वयाची काळजी नको, आणि सात वर्षं पथ्य पाळलं की आईवडिलांकडून आलेला आजारही मुळासकट जातो. मी जीवशास्त्र शिकवते. शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना.

आधी सात वर्षांचं बघू. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात, रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात. हृदयाच्या स्नायुपेशी मात्र पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का बदलतात, म्हातारपणी त्याहून कमी. आणि मेंदूच्या बाह्य थरातल्या चेतापेशी? १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, खूप वाढला आणि अन्नावाटे तो सगळ्यांच्या डीएनएत उतरला. पेशी जन्मली तेव्हा हवेत तो जितका होता, तितकाच तिच्या डीएनएत राहतो. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ मध्ये त्यावरून पेशींचं वय काढलं. या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या.

झपाट्याने विभाजन म्हणजे आरोग्य, हे वाक्य परळला टाटा मेमोरियलच्या दारात उभं राहून कुणी म्हणून दाखवावं. विभाजनावरचा ताबा सुटतो तोच कर्करोग. केमोत केस गळतात, तोंड येतं, कारण ती औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशींवर मारा करतात आणि केसांच्या मुळातल्या निरोगी पेशीही त्यात सापडतात.

अंडपेशींचं तर उलटंच आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचं अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रं (जनुकं वाहणारे धागे) निम्मी करणारं विभाजन, सुरू होतं आणि पहिल्याच टप्प्यात थांबतं. जन्मताना अशा दहा ते वीस लाख पेशी असतात, पाळी येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. थांबलेलं काम पुढे सरकतं ते अंडपेशी बाहेर पडायच्या सुमारास, आणि पुरं होतं शुक्रपेशी आत शिरल्यावर. म्हणजे अडतिसाव्या वर्षीची अंडपेशी अडतीस वर्षं ताटकळलेली असते. इतक्या काळाने गुणसूत्रांच्या जोड्या सुटताना चूक होण्याची शक्यता वाढते. डाउन सिंड्रोम या जन्मजात स्थितीतलं जादा २१वं गुणसूत्र बहुतेकदा इथूनच येतं. यात आईचा काडीचाही दोष नाही.

आता तो पथ्याचा दावा. कांद्याच्या मुळाचं कोवळं टोक अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवून, काचपट्टीवर अंगठ्याने दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या तशाच दोन पेशी होणं, डोळ्यांना दिसतं. एका पेशीत लालसर गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी असतात, शेजारच्या पेशीत ती दोन टोकांकडे ओढली गेलेली. कांद्याची गुणसूत्रं १६, विभाजनाआधी प्रत्येकाची प्रत निघते, आणि दोन्ही टोकांना १६-१६च पोचतात. माणसात ४६. झेरॉक्स काढल्यासारखं आहे हे: मूळ कागदावर चूक असेल तर ती प्रत्येक प्रतीवर उमटते.

थॅलसेमिया मेजर हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा गंभीर आजार असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्याच्या तांबड्या पेशी सात वर्षांत कितीतरी वेळा नव्या बनतात, पण ज्या अस्थिमज्जेत (हाडांतल्या मगजात) बनतात तिथल्या मूलपेशींत, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तपेशी तयार होतात त्यांच्यात, तेच सदोष जनुक असतं. म्हणून तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो: त्यात त्या मूलपेशीच बदलतात. पथ्यावर भरवसा ठेवून रक्त चढवणं थांबवलं तर मूल जिवाला मुकेल.

आईवडील दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांकडेही जनुकाची एक प्रत सदोष आणि एक चांगली असली, तर अर्धसूत्री विभाजनात प्रत्येकाचं सदोष जनुक निम्म्या बीजपेशींत (अंडपेशी किंवा शुक्रपेशींत) जातं, आणि प्रत्येक गरोदरपणात थॅलसेमिया मेजरची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. वाहकाला स्वतःला सहसा काही जाणवत नाही. एचबीए२ ही रक्ताची तपासणी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करून घ्या.