‘पाठवायला पैसे लागत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुठलाही इशारा आला की त्याला एक ठरलेलं शेपूट असतं : ‘आलं तसं पाठवतोय. खोटं असेल तर सोडून द्या, खरं असेल तर कुणाचा तरी जीव वाचेल. पाठवायला पैसे लागत नाहीत.’ गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे शेपूट न वाचलेला मोबाइलवाला सापडणं कठीण. इशारे बदलतात, शेपूट तेच. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून त्याचाच एकेक तुकडा तपासू.

‘खोटं असेल तर सोडून द्या.’ सोडायचं कशाच्या जोरावर? २०१८ साली देशभर एक व्हिडिओ फिरत होता : दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून पळतात. मुळात ती कराचीतली जनजागृतीची फिल्म. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि मुलं हरवण्याबद्दलचा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तो शेवट कापला. उरलेल्या तुकड्यात खोटं असं काय दिसणार होतं? डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सोडून देत नाही. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी मंगळवेढ्याकडची माणसं ती. त्या भागात अशा टोळ्यांचे संदेश आधीपासून फिरत होते. ते पुढे पाठवणाऱ्यांत ‘सावध राहिलेलं बरं’ म्हणणारेही असणारच.

‘खरं असेल तर जीव वाचेल.’ इथे आपल्याच मासळीचं उदाहरण घेऊ. जुलै २०१८मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात ते फॉर्मल्डिहाइडचं द्रावण, असल्याची बातमी आली. आधी अंश सापडल्याचं सांगितलं गेलं, मग ते मर्यादेत असल्याचं, आणि १८ जुलैला गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर तात्पुरती बंदी घातली. म्हणजे धूर होता, हे मान्य. पण मासा मेल्यावर त्याच्या अंगातल्याच एका घटकाचं विघटन होऊन थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होतं. त्यामुळे ‘सापडलं’ म्हणजे ‘मिसळलं’ असं होत नाही. किती सापडलं, कुठल्या जातीच्या माशात, मासा किती दिवसांचा, बर्फात कसा ठेवलेला, हे कळल्याशिवाय काय खावं आणि काय टाळावं ते ठरत नाही. आमच्या ग्रुपवर यातलं एकही नव्हतं. अर्धे म्हणत होते सगळी मासळी विषारी, अर्धे म्हणत होते सगळं थोतांड. यातून कुणाचा जीव वाचणार होता, ते मला आजही उमगलेलं नाही.

‘आलं तसं पाठवतोय.’ याला फार वेळ द्यायला नको. समाजमाध्यमावरची पोस्ट पुढे पाठवणं म्हणजे ती स्वीकारून तिला दुजोरा देणं, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ सालीच म्हटलं आहे.

‘पैसे लागत नाहीत.’ पाठवणाऱ्याला लागत नाहीत, एवढंच खरं. मासळीची पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईला लागतात, तिच्याकडचा बांगडा सकाळी पकडलेला असला तरी. ज्या व्हॉट्सअ‍ॅपचा धंदाच निरोप पोचवण्याचा, त्यालाही २०१८मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घालावी लागली. २०२०मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली.

एवढं बोललं की कुणीतरी म्हणतंच, ‘बाब, सत्य शेवटी बाहेर येतंच.’ येतं, पण कधी? ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढणारा अभ्यास २०१८मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्यात १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला होता. आणि हा फरक आपोआप संदेश टाकणाऱ्या यंत्रांमुळे नव्हे, तर माणसांमुळे पडतो, असं संशोधकांना आढळलं.

शेवटचा आक्षेप मात्र वजनदार आहे : अधिकारीच आज एक, उद्या दुसरं सांगतात, मग आम्हीच का तपासत बसायचं? फॉर्मेलिनच्या वेळी लोकांचा संशय बळावला तो या फिरवाफिरवीमुळेच, हे मी नाकारत नाही. पण त्याच कारणासाठी कच्चा संदेश अधिकाऱ्यांच्या सोयीचा ठरतो. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढं पत्रक काढलं की त्यांची सुटका, आणि खरा प्रश्नही त्याच पिशवीत बांधून फेकला जातो. अहवाल मागणाऱ्याला इतक्या स्वस्तात वाटेला लावता येत नाही. पावसात जून-जुलैचे ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, बाहेरच्या मासळीची गरज वाढते आणि मासळीचे इशारे येण्याचा मोसमही तोच. तेव्हा ग्रुपवर तीनच गोष्टी विचारा : नमुना कुठल्या बाजारातला, तपासला कुणी, आणि कुठल्या तारखेला?