एकदा डिअरफिल्ड बघाच

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरचा अमेरिकेचा इतिहास म्हणजे ‘मुलांचा टाइमपास’, हे तुमच्याकडच्या एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डिअरफिल्ड या इंग्रजांच्या गावावर १७०४ च्या फेब्रुवारीत फ्रेंच आणि त्यांच्या मूलनिवासी साथीदारांनी केलेल्या हल्ल्याबद्दलचं तिथल्या संग्रहालयाचं संकेतस्थळ बघा. दिसायला जुनाट आहे, मान्य. पण तीच घटना इंग्रज, फ्रेंच आणि मोहॉक, वेंडाट, वाबानाकी हे तीन मूलनिवासी समाज अशा पाच बाजूंनी वाचता येते. भर बर्फातून कॅनडाकडे नेलेल्या ११२ कैद्यांत पाद्र्याची सात वर्षांची मुलगी होती, युनिस विल्यम्स. पुढे ती मोहॉकांतच लग्न करून राहिली, बापाने विनवूनही कायमची परतली नाही.

आठवीतली माझी भाची यावरून आमच्याशी तासभर भांडली. डिअरफिल्डची जमीन आधी पोकुमटक या मूलनिवासी लोकांची होती, मग हल्लेखोर नेमके कोण, असा तिचा सवाल.