सारवायचं कोणी?

गेल्या शनिवारी आमच्याकडे पुण्याचे पाहुणे उतरले होते. मागीलदारी चुलीवर पाण्याचा हंडा तापत होता, त्याचे बाईंनी सात-आठ फोटो काढले. "किती साधं आयुष्य आहे हो तुमचं, हेवा वाटतो," म्हणाल्या. मग जाता जाता सांगितलं, की खोलीतला एसी नीट गार करत नाही. मी दोन्हीला "हो" म्हटलं. एसीचं म्हणणं खरंच होतं, पाणी गळत होतं त्याचं. पहिल्या वाक्याचं मात्र काय करावं ते कळेना. चार दिवस ते डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

ती चूल आमच्याकडे कर्जामुळे पेटली आहे, हे त्यांना कुठून माहीत असणार!

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दुपारभर आमच्या डोक्यावर घोंगावत राहिलं. कौलं दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीत सापडली. त्याहून मोठा घाव पोफळींचा. 140 पोफळी होत्या, 22 उभ्या राहिल्या. कौलं महिन्याभरात चढवता येतात. पोफळीचं रोप लावलं तर सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं तरी वाट बघायची. सरकारी मदत हेक्टरी हिशेबाने जाहीर झाली आणि आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात, तेव्हा एकेका घराच्या हाती काय पडलं असेल ते समजून घ्या.

सुपारी गेली, मग पर्यटन करू, असं सगळ्यांनीच ठरवलं, तसं आम्हीही. 2021 च्या पावसाळ्यात घरदुरुस्ती आणि दोन खोल्या असं मिळून 12 लाखांचं कर्ज काढलं. 7 टक्के व्याज, 15 वर्षं, हप्ता 10,786. इथवर ठीक होतं. पण खोली बांधली की पलंग लागतो, पलंग आला की एसी लागतो, एसी असला की गाडी लावायला जागा लागते. माझ्या चार पाटल्या बँकेत गेल्या, दीड लाखासाठी. पडदे, चादरी, गॅसचा गिझर, नवऱ्याचा फोन असं किरकोळ किरकोळ क्रेडिट कार्डावर गेलं. शेवटी सासूबाई पन्नास वर्षं सारवत आलेलं अंगण उकरून तिथे पेव्हर ब्लॉक बसवले. दुसऱ्याच सीझनला एका पाहुण्याने विचारलं, "शेणाने सारवलेलं अंगण नाही का तुमच्याकडे? आम्हाला तसं हवं होतं." सासूबाई ओटीवर बसून ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघितलं.

हिशेब आम्ही फार उशिरा मांडला. हप्ता वेळेवर जातोय म्हणजे सगळं बरं चाललंय, अशी समजूत. 2023 मध्ये कर्जाचा उतारा काढला आणि नवऱ्याला वाटलं छपाईत चूक आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला, आणि त्याच्या मागोमाग आमचं व्याज 7 चं साडेनऊ झालं. हप्ता बँकेने वाढवला नव्हता, म्हणून आम्हाला पत्ताच नाही. वाढवली होती ती मुदत. 15 वर्षांचं कर्ज गुपचूप 20 वर्षांवर जाऊन बसलं होतं. 10,786 मधले जवळजवळ नऊ हजार व्याजात जात होते आणि मुद्दलात पडत होते जेमतेम अठराशे. कार्डाची तर आणखीच तऱ्हा. 46,000 थकलेले, महिना साडेतीन टक्के व्याज. आम्ही इमानेइतबारे दरमहा 2,300 भरायचो, त्यातले 1,900 व्याज आणि त्यावरचा जीएसटी यातच संपत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की व्याजदर बदलला की मुदत वाढवायची की हप्ता, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. आम्ही शाखेत जाऊन विचारलं. महिना साधारण सोळाशे-सतराशे रुपये जास्त भरले की गेलेली पाच वर्षं परत मिळत होती. सोळाशे रुपये! पाच वर्षांच्या बदल्यात एवढेच, आणि तेही आमच्या हाताशी नव्हते.

आता इथून पुढे साधेपणाची गोष्ट सुरू होते. बहुतेक जण ती इथूनच सांगतात, मातीची भांडी, पितळी तांब्या, मागे बासरी.

मीही त्या नादाला लागले होते, खोटं कशाला बोलू. मिक्सर विकून पाट्यावर वाटण वाटायचं, असं एका संध्याकाळी जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, "मी तीस वर्षं वाटलं. खांदा बघ माझा. तुला हौस असेल तर तू वाट गो, मी मिक्सरचं खाईन." मिक्सर राहिला. कपडे धुण्याचं मशीनही राहिलं, आणि त्याबद्दल मला कुणी काटकसर शिकवायला येऊ नये. आमच्याकडे जुलैत चड्डी-बनियन चार चार दिवस वाळत नाहीत. पाहुण्यांच्या चादरी हाताने धुऊन पिळणारी बाई साधी राहत नसते, राबत असते.

गिझर मात्र बंद केला. वाडीत झावळ्या, सोडणं, करवंट्या कुजत पडलेल्या असतात, त्यावर मागीलदारी पाणी तापवायचं. घरातला सिलेंडर पंचवीस दिवस पुरायचा, तो दीड महिना पुरायला लागला. महिन्याला पावणेपाचशेच्या आसपास वाचले. मी खूश. दोन महिन्यांनी कंबर धरली तेव्हा सहज घड्याळ लावून बघितलं. झावळ्या ओढून आणणं, तोडणं, पेटवणं, फुंकणं, राख काढणं, रोजची पन्नास मिनिटं. महिन्याचे पंचवीस तास. म्हणजे तासाला वीस रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्या पैशात आमच्या वाडीत कुणी सुपारी गोळा करायलाही यायचं नाही.

तो आकडा मी रात्री जेवताना ताटाशी मांडला. जी बचत होते आहे ती घराची, आणि जे तास जातात ते माझे एकटीचे, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. नवऱ्याला वाईट वाटलं, पण वाईट वाटून झावळ्या तुटत नाहीत. आठवडाभर घरात धुसफूस. शेवटी असं ठरलं, की जी वस्तू बंद करायची तिचं काम आधी कुणाच्या तरी नावावर लावायचं. नाव लागलं नाही तर वस्तू चालू ठेवायची, पैसे गेले तरी चालतील. चूल नवऱ्याच्या नावावर गेली. तेव्हापासून मलाही ती फोटो काढण्याजोगी दिसते.

मुलगा नववीत होता तेव्हा. त्याने नारळ घेतला, म्हणजे सोलायचा आणि विळीवर बसून खवायचा. पहिला आठवडा खोबऱ्यात करवंटीचे तपकिरी कण. सासूबाईंना तो प्रकार अजून पटलेला नाही, मुलगा विळीवर बसतो म्हणून. पण सोलकढी त्याच्याच हातची पितात. मुलीच्या वाट्याला हिशेबाची वही आली, आणि ती आमच्यापेक्षा फार कडक निघाली. टीव्हीचं महिन्याचं भाडं तिनेच बंद करायला लावलं. दुसरी स्कूटर विकली, 28,000 आले, ते थेट कार्डात. उरलेले त्या वर्षीच्या दिवाळीच्या गर्दीने फेडले. कार्ड कापून टाकलं नाही, कपाटात आहे. मुलीने त्याला सेलोटेप गुंडाळलीय.

खाण्यात काटकसर कोकणात फार जड जात नाही, हे कबूल करायला हवं. भाजी आमच्याकडे घाटावरून येते आणि पावसात तिचे भाव आभाळाला भिडतात. त्यामुळे जून-जुलैत बाजारची भाजी जवळजवळ बंद केली. टाकळा, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला, आठळ्या घातलेली भाजी, कुळथाची पिठी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं म्हावरं तसंही स्वप्नातच. मे महिन्यात हर्णैहून सुकट, बोंबील, सोडे घेऊन ठेवायचे. यात नवीन काहीच नाही, पूर्वी घरोघरी ही बेगमी व्हायचीच. नवीन एवढंच, की आता रातांबे फोडायला चौघं बसतो. आमसुलं म्हणजे एका दिवसाचं काम नव्हे. सालं रसात बुडवा, उन्हात घाला, पुन्हा बुडवा, पुन्हा घाला. एकटीने केलं तर मे महिना कुठे गेला कळत नाही. पूर्वी चार जावा असायच्या, म्हणून ते जमायचं. आता जावा मुंबईला, आणि आपण एकट्या बाईकडून चार बायकांचं घर चालवायची अपेक्षा ठेवतो आणि त्याला परंपरा म्हणतो.

जावांवरून गणपती आठवला. तो सगळ्यात अवघड विषय. पाच दिवस घरात बावीस माणसं, आणि गावात राहतो म्हणून खर्च आमचा, ही रीत. "यंदा आमच्यावर कर्ज आहे, सगळ्यांनी वाटून घेऊ" हे दिराला फोनवर सांगायला नवऱ्याला तीन आठवडे लागले. फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. पाटल्या बँकेत ठेवताना त्याला एवढी लाज वाटली नव्हती. कोकणी माणूस उपाशी झोपेल पण चाकरमान्यापुढे रिकामा हात दाखवणार नाही. शेवटी बोलला. दिराला राग आला. कर्जाचा नव्हे, दोन वर्षं सांगितलं नाही त्याचा. त्या वर्षी तो थोडा घुश्शातच होता, पण तांदूळ, तेल, डाळी घेऊन आला. मखर आणलं नाही. मुलांनी वाडीतली फळं-पानं बांधून मंडपी सजवली. धाकटी जाऊ पहिल्यांदाच मोदकांच्या उकडीला हात लावायला उतरली आणि तिचे मोदक फुटले. खाल्ले सगळ्यांनी.

पाटल्या दोनदा सुटता सुटता राहिल्या. दर वर्षी व्याज भरायचं आणि कर्ज पुढे ढकलायचं, असं चाललं होतं. गेल्या वर्षी थोडे थोडे साठवून सोडवायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा गोड हसून म्हणाला, "ताई, सोन्याचा भाव केवढा वाढलाय, याच पाटल्यांवर आता कितीतरी जास्त मिळतील. घेताय का?" मी लगेच नाही म्हटलं असं नाही. एका क्षणात तिसरी खोली बांधून, रंगवून, तिला पडदे लावून झाले होते मनात. नवरा म्हणाला, "आणि चादरी कोण धुणार?" पाटल्या घेऊन घरी आलो.

2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो पुन्हा एक टक्क्याने खाली आला. मधल्या काळात आम्ही हप्ता वाढवून घेतला होता, तो या वेळी तसाच ठेवला. वरचे पैसे मुद्दलात जाऊ देत. मे महिन्याचा सीझन संपला की एकरकमी काहीतरी भरतोही. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाच्या घरकर्जाला आधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, हे आमच्या गावात अजून पुष्कळांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. कर्ज अजून बरंच आहे. कुणी "तुम्ही कर्जमुक्त झालात ना" असं विचारू नका.

आणि त्या पुण्याच्या बाईंना काय सांगायचं होतं, तर हेवा करू नका. या साध्या घराला चार माणसांचे हात लागतात आणि तरी संध्याकाळी कुणीतरी चिडलेलं असतंच. तुमच्याकडे मोलकरीण येत असेल, स्वयंपाकाला बाई येत असेल, तर ते आधी सोडू नका; घरातल्या कुणाच्या कमरेवर ते पडणार आहे ते बघा.

पेव्हर ब्लॉक आम्ही या एप्रिलमध्ये निम्म्या अंगणातले काढले. पाणी मुरत नव्हतं, पावसाचा लोंढा थेट पडवीत यायचा. आता तिथे माती आहे. सासूबाईंची इच्छा, सारवावं. मुलगी म्हणते, छान दिसेल, पाहुण्यांनाही आवडेल. नवरा म्हणतो, शेण आणून देतो, पुढचं तुम्ही बघा. वहीत "सारवण" असा रकाना पडलाय, पुढे नाव नाही. तोवर मी तिथे मिरच्या लावल्यात.